ड्रमचा आवाज

– बसा, बसा, बाक मोठा आहे. फक्त ती पिशवी इकडे द्या, थर्मास आहे तिच्यात. आणि हळू बोला हं. म्हणजे तुम्ही बोलूच नका, मी बोलते – मला माहितीये इथं किती आवाजात बोलायचं असतं. मेंढ्या हाकायच्या स्पर्धेत कुत्रं डोंगरावर असताना बघ्यांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत, हाका मारायच्या नाहीत, आणि शीळ तर अजिबात घालायची नाही. का म्हणजे? अहो, खाली त्या रिंगणात उभा आहे ना माणूस, त्याला तिथून पाऊल बाहेर टाकता येत नाही. कुत्रं तिकडे वर, पार त्या मानुकाच्या रानझुडपांपाशी, तीन मेंढ्या पुढे घालून. दोघांमध्ये आहे काय – शीळ. तेवढीच. त्यात तिसऱ्यानं कुणी शीळ घातली तर कुत्र्यानं ऐकायचं कुणाचं? एकदा माझ्या लहानपणी एकानं दारूच्या नशेत घातली होती. त्याचा नातू आता दुकान चालवतो, अजून लोक त्याला 'शीळवाल्याचा नातू' म्हणतात. तर ते सोडा. चहा घेता?

टोपी छान आहे. 'पेलम हंटअवे.' त्या तंबूतून घेतलीत? नाही, राहू दे, डोक्यावर राहू दे, ऊन आहे. कुत्रंही त्यांच्याचकडचं? असं. आणि राहता कुठे – ऑकलंडला. बरं. मग झोपतो कुठे तो? सोफ्यावर. वा. माझे बाबा असते ना, तर त्यांना हे सांगायला मी पैसे दिले असते, फक्त त्यांचं तोंड बघायला. भुंकत नाही म्हणता, शेजाऱ्यांची तक्रार नाही. हो, नाहीच भुंकणार. तेच तर विकतात ते आता – काळा-तांबूस रंग, चमकदार केस, पोरांशी गोड, आणि तोंड बंद. परदेशात पाठवतात म्हणे विमानातून. पण मला सांगा, हंटअवे म्हणजेच भुंकून मेंढ्या हाकणारं कुत्रं, मग न भुंकणारा हंटअवे म्हणजे काय? न उकळणारी किटली. रागावू नका, तुमच्या कुत्र्याचा काय दोष त्यात.

कसं आहे, तुम्ही शहरातले, म्हणून सांगते. इथं आधी आले ते स्कॉटलंडचे कुत्रे. गप्प, वाकून चालणारे, मेंढीच्या डोळ्यात डोळा घालून तिला हलवणारे. तिकडे ठीक आहे, तिकडे कुरणाला दगडी कुंपण, मेंढी चार पावलांवर. इथं बघा. हा समोरचा डोंगर काहीच नाही, याच्या मागे असे कितीतरी, आणि मेंढ्या वर्षभर मोकाट, माणूस विसरलेल्या. तिथं तुमचं ते गुपचूप बघणारं कुत्रं काय करणार? मेंढीला ते दिसतच नाही, दिसलं तर ती खडकामागे जाते. मग काही मेंढपाळांच्या लक्षात आलं, की ज्या कुत्र्याला आपण भुंकतो म्हणून शिव्या देतो, ज्याला खोड आहे म्हणतो, त्याच्याच आवाजानं अख्खा डोंगर हलतोय. झालं. मग भुंकणारं भुंकणाऱ्याला दिलं. त्यात कुणी काय मिसळलं देव जाणे – शिकारी कुत्रं म्हणा, लॅब्रॅडोर म्हणा, कुणाच्या मळ्यावरचं राखणीचं धूड म्हणा. कुणी लिहून ठेवलं नाही. कोण लिहिणार, दिवसभर डोंगर चढून आलेला माणूस? जो चढतो, दमत नाही आणि भुंकतो, त्याचं पिल्लू ठेवायचं, बस्स. म्हणजे ही जात काय एका माणसानं केलेली नाहीये. हे नीट ऐकून ठेवा. एका माणसानं केलेली नाही.

कारण तो दगड बघितलात? तंबूच्या पलीकडे, हिरव्या कापडानं झाकलाय तो. ही फेरी झाली की ते कापड काढणार आहेत. त्यावर काय कोरलंय ते मला माहितीये, कोरणारा माझ्याच खोऱ्यातला आहे. 'रॉडरिक पेलम, ज्यांनी हंटअवेला आवाज दिला.' आवाज दिला म्हणे. आणि तो बघा, चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यावर घोंगडी, मोठी हॅट – तोच रॉडरिक पेलम. अजून आहे. मी दरवर्षी येते ते हे बघायला, की अजून आहे ना. लोकांना वाटतं एफी म्हातारीला कुत्र्यांची हौस.

हा आत्ता धावतोय त्याच्याकडे लक्ष नका देऊ, हा उगाच आहे. बघा, मेंढ्या डावीकडे फुटल्या. याच्यानंतर माइल्स पेलम. त्या म्हाताऱ्याचा मुलगा. शेवटची फेरी, आणि सगळे त्याच्यासाठीच थांबलेत. माइल्सचा मेजर – नाव ऐकलंच असेल, तुमच्या टोपीच्या दुकानात त्याचाच फोटो आहे. खूप वर्षांनी पेलमांकडे भुंकणारं कुत्रं आलंय, आणि आवाज असा, की पंच म्हणे मागच्या महिन्यात कागदावर लिहायचं सोडून नुसता ऐकत बसला होता. म्हातारा सगळ्यांना सांगतो, आमच्या घराण्यातलं रक्त परत वर आलं. रक्त परत आलं ते खरं आहे. कुणाचं, ते तो सांगत नाही.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. एकोणिसाव्या वर्षी. बाबा तिथंच मुख्य मेंढपाळ, नॉर्मन डथी – नाव ऐकलं नसेल तुम्ही. कुठून ऐकणार. बाबांकडे ड्रम होता. पाय लांब, कान एक उभा एक पडलेला, अंग असं केसाळ-बिनकेसाळ, दिसायला अगदीच कसातरी – शहरातल्या बाईनं सोफ्यावर घेतला नसता. पण आवाज. अहो, तो खोऱ्याच्या त्या टोकाला भुंकला की माझ्या हातातल्या पिठाच्या परातीला कळायचं. पोकळ नाही, चिरका नाही, छातीतून. आणि बाबांची परत बोलवायची शीळ अशी होती – नाही, इथं नाही वाजवून दाखवत – एक लांब, मग खाली उतरत जाणाऱ्या दोन. दुसरं कुणी तशी घालत नसे. ती ऐकली की ड्रम असेल तिथून मेंढ्या सोडून यायचा, सरळ, कुंपण असो नाला असो, आणि बाबांच्या डाव्या पायाला टेकून बसायचा.

मालकांना तो हवा होता. रॉडरिक तेव्हा तिशीतला, देखणा, नुकतं बापाचं मेंढ्यांचं रान हातात आलेलं. मागितला, बाबा नाही म्हणाले. परत मागितला, जास्त देतो म्हणाला. बाबा म्हणाले, मालक, मी तुमचा नोकर आहे, ड्रम नाही. हसत म्हणाले हो, पण म्हणाले. मग मालक म्हणाला बरं, निदान माझ्या कुत्रीला दे. दिला. आणि आमच्याकडे रीत अशी, की नराच्या धन्याला पिल्लांतलं पहिलं पिल्लू निवडायचा हक्क. याला कागद लागत नाही, शब्द लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. आठ-नऊ पिल्लं झाली, सगळी काळी-तांबूस, आणि डोळे उघडायच्या आधीपासून बोंबलायला लागली. बाबा रोज संध्याकाळी जाऊन बघायचे, कुठलं घ्यायचं. तेव्हाच ते झालं.

सकाळी घराखालच्या कुरणात मेंढ्या फाडलेल्या मिळाल्या. नुसत्या फाडून टाकलेल्या, खाल्लेल्या नाहीत. ते कुत्र्याचंच काम. आता यावर इथला नियम तुम्हाला क्रूर वाटेल, पण नियम आहे – त्या रानावर पाळलेल्या सगळ्या कुत्र्यांना धुण्याच्या सोड्याचा खडा गिळायला लावायचा, म्हणजे ते ओकतं. ओकण्यात लोकर निघाली, की संपलं. त्याच्या धन्यानं त्याला स्वतः गोळी घालायची. दुसऱ्यानं नाही, स्वतः. आणि वाद घालायचा नाही. मालकाचा स्वतःचा स्कॉटिश कुत्रा होता, वंशावळीचा, बोटीनं आणलेला, घरात शेगडीपुढे झोपणारा – त्याला कुणी सोडा दिला नाही. तो काय बाहेर जातोय थोडाच, म्हणाले सगळे. ड्रमला दिला. आणि ड्रमनं लोकर ओकली.

मला माहीत होतं का ओकली. कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघितलं होतं. उजाडताना. रॉडरिक पेलम स्वतः खाटीकखोलीतून मेंढीचं मुंडकं घेऊन आला, लोकरीसकट, आणि बुटानं ते ड्रमच्या साखळीपर्यंत सरकवलं. ड्रम साखळीला होता हो. रात्रभर होता. मला तेव्हा काही वाटलं नाही, म्हटलं लाड करतोय कुत्र्याचे. मग दुपारी सगळे अंगणात जमले आणि ते ओकणं बघून मी पिठाच्या हातांनी बाहेर आले आणि बोलले. सगळ्यांपुढे. म्हटलं मालक, मुंडकं तुम्हीच दिलंत, मी बघितलंय.  आणि तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं. हसला आणि म्हणाला, "एफी, आत जा, स्कोन करपतायत." आणि सगळे हसले. सगळे. सुटल्यासारखे हसले. आणि खरंच करपत होते हो ते चहाबरोबरचे पाव, भट्टीतून वास येत होता.

बाबा? बाबा म्हणाले, गप्प बस एफी. माझे बाबा. कारण आदल्याच वर्षी खालच्या खोऱ्यातल्या एका माणसाचं कुत्रं असंच लोकर ओकलं होतं, तो रडत होता, माझं नाही म्हणत होता, आणि बाबांनीच त्याला सांगितलं होतं, नियम म्हणजे नियम. मग आता कुठल्या तोंडानं बोलणार? गेले ड्रमला घेऊन लोकरीच्या कोठारामागे. तो शेपूट हलवत गेला. परत आले ते एकटे. शिट्टी खिळ्याला अडकवली – पत्र्याची, स्वतः दुमडून केलेली, दातांत धरायची – आणि नंतर कधी तोंडाला लावली नाही. ज्याच्या कुत्र्यानं मेंढ्या फाडल्या त्याला मेंढपाळ म्हणून कोण ठेवणार? मांसाच्या कारखान्यात गेले, पडेल ती कामं, ओली दगडी फरशी, पाय सुजलेले. तिथंच संपले. डथी म्हणजे तो, ज्याचं कुत्रं वाईट निघालं – एवढंच त्यांचं नाव मागे राहिलं. पुढच्या वसंतात पेलमच्या त्या शेगडीपुढच्या कुत्र्याला भर उजेडात मेंढीवर पकडलं. गपचूप पुरला. अख्ख्या खोऱ्याला माहीत होतं, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. राग कुणाचा जास्त येतो मला, त्याचा की त्यांचा, अजून ठरत नाही.

आणि पिल्लं? पिल्लं त्याची. ड्रम गेला, आता दुसऱ्या कुणाकडे तो आवाज नाही. त्या पिल्लांवर पेलमचं नाव झालं. स्पर्धा जिंकली, मग आणखी जिंकल्या, मग लोक रांग लावून, मग वर्तमानपत्र, मग ती जाहिरात – बघितली असेल तुम्ही, गाडीच्या मागे उभा राहून भुंकणारा. मग शहरातल्यांना आवडले, मग त्यांना गप्प हवे झाले, मग यांनी गप्प केले. पिढ्यानपिढ्या भुंकणारी बाजूला काढली. ज्यासाठी माझ्या बापाचा जीव घेतला तीच गोष्ट सोफ्यासाठी विकून टाकली. ऐकताय ना?

आमचं पहिलं पिल्लू मात्र मी घेतलं. चोरलं म्हणतात ते म्हणू देत, हक्काचं होतं. निघताना एक मादी एप्रनच्या खिशात घातली, आणि ती पूर्ण वाटभर बोंबलत होती, बाबांच्या मांडीवर जाईपर्यंत. बाबांनी तिला बघितलं नाही. मी वाढवली. वरच्या खोऱ्यात, जिथं कुणी येत नाही, तिच्यापासून पुढे, पुढे, पुढे. जगात कुणाला दाखवली नाहीत. दर पिढीतल्या एका नराचं नाव ड्रम. आणि प्रत्येकाला दूध सुटायच्या आधीपासून बाबांची शीळ. त्या खिळ्यावरची शिट्टी माझ्याकडे आहे. हो, आत्ताही आहे. स्वेटरच्या खिशात.

आता कळायला लागलंय तुम्हाला. चहा सांडतोय, कप सरळ धरा.

दोन वर्षांपूर्वी माइल्सचा माणूस खोऱ्याखोऱ्यातून फिरायला लागला. भुंकणारं कुत्रं आहे का, नाव सांगू नका, आम्ही आमच्या नावानं लावू. माझ्याकडेही आला. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं, पत्र्याच्या घरातली एक म्हातारी. मी ड्रमला बाहेर काढलं. तो एकदा भुंकला आणि त्या माणसाचं तोंड उघडं राहिलं. सगळ्या आज्ञा सांगितल्या त्याला – पुढे, थांब, डावीकडे, उजवीकडे, आवाज कर. एक नाही सांगितली. आणि दिला. गाडीत चढताना ड्रमनं मागं वळून बघितलं, मी आत गेले. दाराशी उभं राहून निरोप द्यायला मी काय नाटकातली आहे.

दुसरा? दुसरा नाहीये. तो शेवटचा होता. त्याची आई त्याच हिवाळ्यात गेली, आणि मी आता कुठं नवी पिल्लं वाढवणार, गुडघे बघितलेत माझे? साखळी अजून दाराशी आहे. गंजते. सकाळी उठून मी अजून दोन भांड्यांत पाणी घालते आणि मग एक ओतून देते. हे कशाला सांगितलं मी तुम्हाला. सोडा ते.

श्श. माइल्स रिंगणात आला. म्हातारा खुर्चीत पुढे सरकलाय बघा.

तो बघा. डावा कान पडलेला. गेला – बघा कसा चढतोय, शेपूट खाली, उगाच एक पाऊल नाही. आता मेंढ्यांच्या मागं आला. आता... हं. ऐका. ऐकलंत? हा आवाज. छातीत लागला ना? सगळ्यांना लागतो. त्या बायका बघा, सँडविच हातात तसंच. अहो, हा माझ्या बाबांचा ड्रम आहे. हुबेहूब. एवढ्या वर्षांनी त्याच डोंगरासमोर, आणि तो म्हातारा मान डोलवतोय, जसा काही त्याच्याच घशातून निघतोय.

किती सुंदर नेतोय. सरळ, दोन खुणांच्या मधून. अशी फेरी मी पाहिली नाही हो. बाबांनीही नसेल पाहिली. मोडायची म्हणजे... नाही, मला माहितीये काय म्हणताय तुम्ही. कुत्र्यानं काय केलंय. काही नाही केलं. त्यानंही काही केलं नव्हतं.

आणि विसरला असेल तर? दोन वर्षं झाली. मेजर म्हणतात त्याला आता. विसरला असेल तर मी शीळवाली म्हातारी होईन, बस्स, आणि ते कापड निघेल, आणि दगडावरचं खोटंच खरं राहील. रात्रभर मला हीच भीती होती, दुसरी कुठलीच नाही.

हात सोडा माझा. सोडा म्हटलं ना.

...

थांबलं. भुंकणं थांबलं. बघितलंत, उभाय तो, मान वर. माइल्स शिळा घालतोय – घाल, घाल बाबा. आता पंच उठला. सगळे इकडे बघतायत, बघू देत, मी उभी राहते म्हणजे नीट दिसेन. अजून एकदा घालायची का? नाही. बाबा एकदाच घालायचे.

वळला.

येतोय. मेंढ्या सोडल्या त्यानं. माइल्सच्या शेजारून गेला बघा, बघितलंसुद्धा नाही त्याच्याकडे. कुंपण – हां. लोकांमधून येतोय, सरका म्हणावं त्यांना, वाट द्या. म्हातारा बघतोय. आधी कुत्र्याकडे बघत होता, आता माझ्याकडे. ओळखलंन. चेहरा बघा त्याचा. ओळखलं त्यानं मला.

ये. ये रे. डाव्या पायाशी, हां. किती धापा टाकतोस. किती वाळलास.

सरका तुम्ही जरा, त्याला टेकायला जागा होत नाहीये. किंवा असं करा, उठाच. ती टोपी इथं ठेवून जा, ऊन गेलंय. आणि त्या तंबूकडे जाताना खुर्चीतल्या म्हाताऱ्याला माझा एक निरोप सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हणावं, एफी डथी म्हणते, आत जा, स्कोन करपतायत.